दाताचा टवका

सकाळी पावणेसात

कणीक मळताना फोन वाजला की सासूबाई आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. आज मंगळवार, आठवडी बाजार. बंदोबस्ताचाच फोन असणार असं धरून मी उचलला. पलीकडून हवालदार म्हणाले, "मॅडम, आज झेडपीची पोरं शस्त्रं बघायला येणार. चॉकलेटं किती आणू?" पन्नास आणा म्हटलं.

माझी मुलगी सहावीत आहे. लहानपणी जेवायला रडली की आजी म्हणायची, "थांब, पोलीस येईल." एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "पोलीस आत भाकरी करतोय." त्या दिवसापासून आमच्या घरात ही धमकी बंद पडली. गावातल्या बाकी घरांत ती चालू आहे, आणि तिची उधारी माझ्या टेबलावर येते.

मी उपनिरीक्षक. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात नेमणूक. ठाण्यातल्या फलकावर माझ्या नावाखाली बारीक अक्षरात 'बालकल्याण पोलीस अधिकारी' असं रंगवलंय. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी लागतो, सहायक फौजदाराच्या खालचा चालत नाही. त्यासाठी वेगळी खोली नाही, मदतनीस नाही, बंदोबस्तातून सूट नाही. तपास, कोर्ट, महिलांच्या तक्रारी, नाकाबंदी हे सगळं करून उरलेल्या वेळात मुलं. आता मुलांची भांडणं काही उरलेल्या वेळात होत नाहीत, ती मधल्या सुट्टीत होतात.

सकाळी नऊ

हजेरी. बाजाराला सहा जण, साखर कारखान्याच्या रस्त्यावर दोघं. गाळपाचे दिवस आहेत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि सकाळी त्यातला एखादा चौकात आडवा झालेला असतो.

माझ्या कपाटात फायलींच्या वरच्या कप्प्यात एक पंजाबी ड्रेस कायम घडी करून ठेवलेला असतो. अबोली रंगाचा, आता बराच विटलाय. मुलांशी बोलताना शक्यतो गणवेश नको, साधा वेश हवा, असं नियम सांगतात. नवीन शिपायांना ते नाटक वाटतं. वर्दीतल्या माणसासमोर चौदा वर्षांचं पोरगं एक तर सगळं कबूल करतं, न केलेलंही, नाही तर काहीच बोलत नाही. दोन्हींचा तपासाला उपयोग शून्य.

सव्वादहा

चौथीची चाळीस मुलं, दोन बाई, रांगेत. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून २ तारीख हा आमचा स्थापना दिन आणि त्याला जोडून हा आठवडा, म्हणजे रेझिंग डे सप्ताह. पटांगणात टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर एसएलआर, इन्सास, कार्बाइन, अश्रुधुराची गन. गोळ्या अर्थातच नाहीत. एकेका पोराला इन्सास उचलून बघायची असते आणि उचलली की तोंडावरचं हसू वजनानं उतरतं.

एक चुणचुणीत मुलगा माझ्यामागे लागला. "मॅडम, आम्ही मारामारी केली तर आम्हाला पण आत टाकणार?"

"लॉकअपमध्ये मुलांना ठेवतच नाहीत."

"मग किती लहान असलं तर पकडत नाही?"

सांगितलं, की सात वर्षांच्या आतल्या मुलानं काहीही केलं तरी तो गुन्हा होत नाही. सात ते बारापर्यंत त्याला समज किती होती ते बघतात. हे पूर्वी भारतीय दंड संहितेत ८२ आणि ८३ कलमांत होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २० आणि २१. कलमांचे आकडे मी त्याला सांगितले नाहीत. त्यानं बोटं मोजली आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाला, "म्हणजे तुला ढकललेलं तेव्हा मी साडेसहाचा होतो." ती म्हणाली, "नाही, सात झालेले." दोघांचा वाद रांग हलेपर्यंत चालला.

या आठवड्याची मला गंमत वाटते. आठ दिवस आम्ही शाळांना म्हणतो, मुलांना ठाण्यात घेऊन या, पोलीस मित्र असतो. उरलेलं वर्ष मी शाळांना सांगत असते, मुलांना ठाण्यात आणू नका.

पावणेबारा

हेच बघा. एक बाई आठवीतल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. मोबाइल सोडत नाही, उलट बोलतो, काल धाकट्या बहिणीला कंपासपेटी फेकून मारली. "मॅडम, तुम्ही जरा दम द्या. दोन फटके टाका. घरचं कोण असं ऐकत न्हाय."

असे आईबाप आठवड्यात दोन तरी येतात. बाप आला तर तो फटक्यांची संख्या ठरवून येतो. बाईंना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मुलाला म्हटलं, त्या पोरांबरोबर बंदुका बघून ये. तो गेला. बाई नाराज झाल्या, त्यांना वाटलं मी काम टाळते. खरं सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी असे दम दिले आहेत, काठी टेबलावर आपटून. पोरं तिथं थरथरायची. पण महिन्याभरानं तीच पोरं बाजारात दिसली की तोंड फिरवून गल्लीत शिरायची. पुढं त्यांच्यातल्या एकावर खरोखर अन्याय झाला, मोठ्या माणसाकडून, तेव्हा त्यानं चार महिने तोंड उघडलं नाही. का, ते मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

दुपारी १.४२

ही वेळ माझी नाही, ११२ च्या नोंदीतली आहे. 'हायस्कूलमध्ये मुलांची मारामारी, एक जण रक्तबंबाळ.' फोन शाळेनं केलेला नव्हता. जखमी मुलाच्या चुलत्यानं केला होता, त्याचं दुकान शाळेसमोरच आहे.

बीट मार्शल बाजारात होते, ते निघाले. मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं: मोटारसायकल गेटबाहेर लावा, पोराला हात लावू नका, काही विचारू नका, गर्दी फक्त वर्गात पाठवा. नवा मार्शल म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याला ठाण्यात घेऊन येऊ का? लोक चिडलेत." म्हटलं, तिथंच बसव. पंख्याखाली.

कपडे बदलायला तीन मिनिटं. साहेब म्हणाले, "जीप घेऊन जा." मी माझी स्कूटर काढली. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला आम्ही अशाच भांडणात जीपमधून आणलं होतं, तेही जमावापासून वाचवायला. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं, समज देऊन मिटलं. पण जीपमध्ये बसताना शंभर पोरांनी बघितलं होतं. त्याचं नाव 'डॉन' पडलं. आधी तो या नावानं रडला, मग ते आवडायला लागलं, मग शाळा सुटली. आता तो कुठं असतो ते मला माहीत आहे, आणि आनंदानं सांगण्यासारखं नाही.

दोन वाजून पाच मिनिटं

मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य: "मॅडम, आमच्या शाळेत असं कधी झालेलं नाही." दुसरं: "हे बाहेर जाणार नाही ना?" मी दोन्हींना मान हलवली.

नववीतली दोन मुलं. एक पीटीच्या सरांबरोबर उपजिल्हा रुग्णालयात गेला होता. दुसरा कार्यालयात स्टुलावर, पंख्याखाली. उजव्या मनगटात जाड स्टीलचं कडं. आजकाल निम्म्या पोरांच्या हातात असतं. शाळेच्या नियमात बसत नाही म्हणून परिपाठाला बाहीच्या आत सरकवतात. मूठ मारली तर लागेल तेवढंच लागतं. कडं बसलं की भोक पडतं. पोरांना हा फरक मारून झाल्यावर कळतो.

त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेले, बरोबर वर्गशिक्षिका. सांगाडा, बेसिन, उंच स्टुलं. ठाण्यासारखं न वाटणारी जागा हवी असते, ही त्यातल्या त्यात बरी. पहिलं विचारलं, "डबा खाल्लास?" अर्धाच झाला होता. "मग आण आणि खा." वर्गशिक्षिकांना हे चमत्कारिक वाटलं. तोंडात घास असला की मुलं रडायचं थांबतात आणि रडणं थांबलं की बोलतात, यापलीकडे माझ्याकडे मानसशास्त्र नाही.

तो शेवटी बोलला ते असं. नोव्हेंबरात कबड्डी खेळताना त्याची पँट मागून फाटली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, गाणं लावून रील केलं. शाळेत मोबाइल बंदी आहे, पण सरावाला सगळेच आणतात. तेव्हापासून त्याचं नाव 'पडदा'. वर्गात आला की कुणीतरी म्हणायचं, पडदा उघडा. दोन महिने. आज मधल्या सुट्टीत नळावर त्या दुसऱ्यानं ते म्हटलं, सहावीच्या मुलींसमोर. यानं मारलं.

"रील त्यानंच केलं होतं?"

"न्हाय. त्यानं फक्त म्हटलं."

"मग त्यालाच का?"

बराच वेळ तो भाजीत चपाती नुसती फिरवत राहिला. "तो माझा दोस्त होता."

वर्गशिक्षिका म्हणाल्या, मला सांगायचं होतंस, बाहेर तक्रारपेटी आहे. पेटी आहे खरी. सखी सावित्री समितीचा फलक आहे, पेटीला कुलूपही आहे. पण ती कार्यालयाच्या दाराशेजारी, शिपायाच्या स्टुलासमोर, वर कॅमेरा. पोरगा म्हणाला, "चिठ्ठी टाकताना सगळ्यांना दिसतं." मी मुख्याध्यापकांना पेटी उघडायला सांगितली. किल्ली सापडायला दहा मिनिटं. आत कुरकुऱ्याचं रिकामं पाकीट, एक चिठ्ठी पाण्याच्या टाकीबद्दल, एक गणिताच्या सरांबद्दल. ती दुसरी मी घडी करून त्यांच्याच हातात दिली आणि उद्या याच्यावरही बोलू म्हटलं.

जन्मतारीख जनरल रजिस्टरवरून लिहून घेतली. पंधरा वर्षं दोन महिने. कागदावर आता तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' झाला. हा शब्द आमच्या ठाण्यात एका दमात कुणाला म्हणता येत नाही. तरी मी आग्रह धरते, कारण पर्याय 'आरोपी' आहे, आणि तो शब्द मुलांना लावायचा नाही असं कायदाच म्हणतो. 'अटक' हाही नाही.

कडं त्यानं स्वतःच काढून दिलं. मी ते पाकिटात घातलं. बाहेर गेटशी आणखी एक मोटारसायकल उभी होती, तिच्यावर एकोणीस-वीस वर्षांचा एक जण, मार्शलशी हुज्जत घालत. या मुलाचा चुलतभाऊ. "माझ्या भावाला घेऊन जायला आलोय," म्हणे. त्याचं नाव, पत्ता, येण्याची वेळ लिहायला सांगून मी पुढं निघाले. हे लिहिणं तासाभरात उपयोगी पडलं.

सव्वातीन

रुग्णालयात जखमी मुलगा ओठावर कापूस दाबून बसला होता. वरच्या ओठाला दोन टाके आणि समोरच्या दाताचा टवका उडालेला. कपडे रक्तानं माखलेले, त्यामुळे आहे त्याच्या चौपट दिसत होतं. ओठाच्या जखमेत रक्त फार येतं.

त्या टवक्यापाशी सगळं अडलं. नुसता ओठ असता तर साधी दुखापत, भारतीय न्याय संहिता ११५(२), अदखलपात्र, एक वर्षापर्यंत शिक्षा. पण गंभीर दुखापतीच्या व्याख्येत 'हाड किंवा दात मोडणे' असे शब्द आहेत, आणि ११७(२) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा. मग टवका उडणं म्हणजे दात मोडणं का? वैद्यकीय अधिकारी तरुण आहेत, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, एमएलसीत मी दिसतं ते लिहितो. बाकी दंतशल्यचिकित्सक उद्या सकाळी येतील, एक्स-रे बघून अभिप्राय देतील." कंगोऱ्याच्या खाली तडा गेलाय का, यावर एका पोराचं कलम ठरणार होतं.

पीटीच्या सरांच्या हातात चहाचा कागदी पेला होता, तळाशी बोटभर दूध. "तुकडा यात ठेवलाय. दुधात ठेवला तर डॉक्टरला कधी कधी चिकटवता येतो, प्रशिक्षणात सांगितलं होतं." मी सरांकडे आदरानं बघितलं. "तुम्हाला सापडला कसा? नळावर तर चिखल असतो."

"मला कुठला सापडतोय. ज्यानं मारलं त्यानंच शोधला. सगळे ओरडत होते आणि हा गुडघ्यावर बसून चाचपत होता. मी आधी त्याच्यावरच ओरडलो, उठ म्हणून. मग त्यानं मुठीतनं हा काढून दिला."

मुलाचे वडील गप्प होते. बोलत होते ते चुलते, ११२ ला फोन केलेले. "एफआयआर घ्या मॅडम. सोडायचं न्हाय."

समजावलं. आरोप निर्घृण गुन्ह्याचा असेल, म्हणजे जिथं किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, तरच मुलावर एफआयआर होतो; नाही तर मोठ्या माणसाबरोबर मिळून केला असेल तर. बाकीच्या बाबतीत स्टेशन डायरीला नोंद होते, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार होतो आणि सगळं बाल न्याय मंडळाकडे जातं.

"म्हणजे ते पुण्यातल्या पोर्शवाल्यासारखं. निबंध लिहा आन सुटा."

मे २०२४ पासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. कल्याणीनगरला दोन जीव गेले आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध आला, लोक संतापले, त्यात चूक काही नव्हती. पण त्या एका निबंधानं आमच्यासारख्यांचं काम फार अवघड करून ठेवलं. आता मंडळाचं नाव काढलं की समोरचा हसतो. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जोडीला दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, ते मुलाला गटसमुपदेशनाला पाठवू शकतात, समाजसेवा करायला लावू शकतात, आईबापांना बोलावून जबाबदार धरू शकतात, हे सांगेपर्यंत तो हसून झालेला असतो.

चुलत्यांनी माझ्या बोलण्यातलं नेमकं एक वाक्य उचललं होतं. पाच मिनिटं बाहेर फोनवर बोलून ते परत आले. "मॅडम, मोठा माणूस होता की. त्याचा चुलतभाऊ. त्यानं धरलं आन ह्यानं मारलं."

साडेचार

परत शाळेत. सीसीटीव्ही बघायला संगणक प्रयोगशाळा. नळाचा कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, तो कुठल्याच शाळेत येत नाही. गेट येतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ चौदा मिनिटं पुढं होतं. शिपाई मधल्या सुट्टीची घंटा देताना दिसतो तेव्हा स्क्रीनवर १.४४ आहे, घंटा दीडला होते. हा फरक आधी लिहून ठेवावा लागतो, नाही तर कागदावर बीट मार्शल सव्वीस मिनिटांचा उशीर करून पोचल्याचं दिसलं असतं. फरक वजा केला तर १.३९ ला पोरं नळाकडे धावताना दिसतात. १.५४ ला मार्शल. आणि दोनला, मार्शल गेटवर उभे असताना, त्यांच्यासमोर तो चुलतभाऊ मोटारसायकलवरून येतो. शाळेच्या आवारात त्यानं पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.

चुलत्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "मग आधी येऊन गेला असंल."

"गेट एकच आहे काका."

"कुंपणावरनं."

मी काही बोलले नाही. जखमी मुलाचे वडील मागं उभे होते, ते पहिल्यांदाच बोलले, भावाला म्हणाले, "आण्णा, बास."

सव्वापाच

साहेबांच्या केबिनमध्ये. शाळेतल्या भांडणात त्यांचा पहिला प्रश्न कायम एकच असतो: "आडनावं काय?" सांगितलं. दोघांचं एकच निघालं, एकाच भावकीतले. साहेब खुर्चीत मागं रेलले. गेल्या काही वर्षांत या प्रश्नाच्या उत्तरावर जिल्ह्यातून जादा कुमक मागवायची की नाही ते ठरतं, हे मी नाकारणार नाही. आडनावं वेगळी असती तर मला आधी विचारावं लागलं असतं, भांडताना कोण काय बोललं, आणि मग कायदाही वेगळा लागला असता.

पण भावकी म्हणजे दुसरं दुखणं. ठाणे अंमलदारानं जुनी नोंद काढलीच: दोन्ही घरांत बांधाचा वाद, दिवाणी दावा चालू, गेल्या पावसाळ्यात एकमेकांवर अदखलपात्र तक्रारी. आण्णांना दाताशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव एफआयआरला हवं होतं, कारण तो सैन्यभरतीच्या तयारीत आहे. आणि त्याचं नाव एकदा 'मिळून केलं' म्हणून आत आलं असतं, की त्याच दारातून पंधरा वर्षांचा मुलगाही एफआयआरमध्ये गेला असता.

साहेबांचं मत होतं, दोन्ही बाजूंच्या तक्रारी घ्या, क्रॉस झाली की दोघंही थंड होतात. मोठ्यांच्या बाबतीत ही युक्ती चालते, मीही वापरते. म्हटलं, सर, पोरं दोन दिवसांत बोलायला लागतील, कागद बोलायचं थांबणार नाही. साहेब थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. पोरांचं तू बघ. थोरांना १६८ ची नोटीस देतो, आणि पुन्हा गडबड केली तर चॅप्टर." १६८ म्हणजे जुनं १४९. ठाण्यात अजून सगळे जुन्याच आकड्यांत बोलतात, लिहिताना नवे लिहितात.

काहीच न लिहिता 'समज देऊन सोडले' करता आलं असतं. मुख्याध्यापकांना तेच हवं होतं, त्यांनी दोनदा सुचवलंही. हा मोह मला एकेकाळी दयाळूपणा वाटायचा. आता वाटत नाही. लिहिलं नाही तर दात नोंदला जात नाही, आणि त्या दोन महिन्यांचा 'पडदा'ही नाही. पुढच्या वेळी या पोरानं काही केलं तर त्याच्यामागे काहीच नव्हतं, तो मुळातच वाईट, असं दिसेल.

सहा

आज ६ जानेवारी, पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. सकाळी साहेबांनी स्थानिक पत्रकारांना गुलाब दिले होते. त्यातले एक संध्याकाळी आले, गुलाब अजून खिशात. "मॅडम, नाव नको, नुसती शाळा सांगा. आणि कडं दाखवता का, फोटो घेतो."

बाल न्याय कायद्याचं कलम ७४: मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या गावात शाळा सांगितली की इयत्ता कळते, इयत्ता कळली की घर. ते जुने आहेत, समजूतदार आहेत. "मग काय लिहू?"

"मोबाइलवरच्या रीलबद्दल लिहा. तक्रारपेट्या कुठं लावतात त्याबद्दल लिहा."

"त्याला कोण वाचतंय," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

सव्वासात

मुलाचं घर मळ्यात. पार्श्वभूमी अहवालाचा फॉर्म लांबलचक: घरात कोण, उत्पन्न किती, शाळा सुटली आहे का, मित्र कसे, व्यसन, कुणी छळ केला का, कृत्यामागचं कारण काय. मुलाच्या ताब्याची गरज नव्हती, वडिलांकडून हजर करण्याचं लिहून घेतलं. मंडळाची तारीख आली की ते त्याला घेऊन येतील. किरकोळ प्रकरणात चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. फार तर दोन महिने वाढतात, त्यानंतर ती आपोआप बंद होते. दातानं मात्र 'किरकोळ' राहायचं की नाही ते उद्या सकाळी ठरणार.

आई म्हशीची धार काढून आली. तिनं मला ओळखलंच नाही, बाजारातल्या बचतगटाच्या बाई समजून बसायला पाट दिला. पोलीस आहे म्हटल्यावर तांब्या हातातच राहिला. "त्याला न्हेणार?" नाही म्हणून चारदा सांगितलं.

मुलगा ओट्यावर बसला होता. रील कुणाच्या खात्यावर आहे ते त्यानं आता सांगितलं. तो तिसराच मुलगा, दहावीतला. त्याच्या वडिलांना मी तिथूनच फोन लावला. वीस मिनिटांत काढलं म्हणून निरोप आला. काढलं म्हणजे कितीजणांच्या फोनमध्ये उरलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता, आणि मुलालाही ते माहीत होतं. त्यानं एवढंच विचारलं, "त्याचा दात बसतोय का?"

"उद्या कळेल."

रात्री पावणेनऊ

ठाण्यात परत. ड्रेसला शेणाचा वास. मोबाइलवर मुख्याध्यापकांचा मेसेज: उद्या परिपाठाला मार्गदर्शनास यावे, कृपया वर्दीत, जरा धाक बसेल. उत्तर उद्यावर टाकलं.

स्टेशन डायरी संगणकावर ठाणे अंमलदार टंकत होता, मी सांगत होते. वेळ, ठिकाण, ११२ चा क्रमांक, दोन्ही बालकांचं वय, दुखापतीचं वर्णन, दंतशल्यचिकित्सकांचा अभिप्राय प्रलंबित, कडं पाकिटात सीलबंद, सीसीटीव्हीच्या वेळेतला चौदा मिनिटांचा फरक, चुलतभाऊ घटनेनंतर आल्याचं दिसतं, गेल्या दोन महिन्यांपासून चिडवण्याचा प्रकार, चित्रफीत.

"पुढे लिही. विधिसंघर्षग्रस्त बालकाने घटनेनंतर जखमी बालकाच्या दाताचा तुकडा नळाजवळील चिखलातून स्वतः शोधून क्रीडा शिक्षकांच्या ताब्यात दिला."

त्याची बोटं थांबली. "मॅडम, हे कशाला? कलमाला काय लागत न्हाय."

"लिही."

त्यानं लिहिलं. मग मागे जाऊन 'चिखलातून' च्या आधी 'गुडघ्यावर बसून' घालायला सांगितलं, तेही घातलं.